भाच्याचं असेसमेंट आणि मामाची ड्युटी

भाच्याचं खरं नाव लिहीत नाही, मोठा झाल्यावर कुणाला काय सांगायचं ते त्याचं तो ठरवेल, इथे आपण त्याला सोन्या म्हणू. ताई-दाजी कराडला असतात, मी नोकरीमुळे हडपसरला. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झाल्यावर आईवडिलांनी काय करायचं याची माहिती आता मराठीतही बऱ्यापैकी मिळते, पण निदानाच्या आधीचे जे महिने असतात ना, घरात एकट्या आईला वाटत असतं की काहीतरी वेगळंय आणि बाकी सगळे तिलाच वेड्यात काढत असतात, त्या काळात मामा-मावशी-काका मंडळींनी काय करायचं हे कुणी सांगत नाही. आमच्या कंपनीतल्या एकाने परवा मला तेच विचारलं म्हणून हे लिहायला बसलो.

ताईचा फोन आला तेव्हा सोन्या पावणेदोन वर्षांचा होता. हॅलो नाही काही नाही, डायरेक्ट, "तू खरं सांग, सोन्या दिवाळीत बोलायचा ना रे? तू ऐकलंयस ना?" मी म्हणलं बोलायचा की, भुईचक्र विझलं की 'गेनी' म्हणायचा. तर ती रडायलाच लागली. कारण घरात सगळे तिला सांगत होते की तो कधी बोलतच नव्हता, तुला भास होतायत. मग मी रात्री फोनमधले जुने व्हिडिओ काढत बसलो आणि सापडला, दिवाळीचा, त्यात तो भुईचक्राकडे बघतोय, मग ताईकडे बघून हसतोय आणि स्पष्ट 'गेनी' म्हणतोय. 'बाबा' आणि 'मम्मम' पण होतं दुसऱ्या व्हिडिओत. ते शब्द नंतर हळूहळू गेले. आलेले शब्द जाणं ही गोष्ट डॉक्टर लोक फार गांभीर्याने घेतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ते व्हिडिओ पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला आले, त्यावर तारीख असते त्यामुळे कोण खरं कोण खोटं हा वादच संपतो. तेव्हा तुमच्या फोनमधले भाचे-पुतण्यांचे व्हिडिओ स्टोरेज भरलं म्हणून उडवू नका.

ताईने काय काय बघून ठेवलं होतं ते ऐकून मी गार पडलो. हाक मारली तर बघत नाही, पण स्वयंपाकघरात बिस्किटाच्या पुड्याचा आवाज झाला की बाहेरून पळत येतो. पाणी हवं असलं की ताईचा हात धरून माठापाशी नेतो आणि तिचा हात माठावर ठेवतो, तिच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. काऊ दाखव, चिऊ दाखव म्हणलं तर बोट करत नाही, आपण बोट केलं तर बोटाच्या दिशेला बघत नाही. गाडी दिली की उलटी करून चाक फिरवत बसणार, अर्धा तास. चपला एका लायनीत. टाचा उचलून चालणं. एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुठल्याही पोरात दिसेल, पण सगळ्या एकत्र आणि वर शब्द गेलेले, हे वेगळं.

आणि घरच्यांचं म्हणाल तर ताईच्या सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, त्यांचं एकच, "त्याचा बापबी साडेतीन वर्षानं बोलला, आता गप बसतोय व्हय?" आमच्या आईचं म्हणणं मोबाईलमुळे. कुणी म्हणे दृष्ट, कुणी म्हणे वेखंड उगाळून जिभेवर लावा, एका नातेवाईकाने तर देवऋषीचा नंबर पाठवला. सगळे चांगल्या मनाने सांगत होते, पण त्या सगळ्याचा अर्थ ताईला एकच ऐकू यायचा की तुला कळत नाही. "काही नाही गं, होईल सगळं ठीक" हे वाक्य तर मला आता ऐकवत नाही. ज्या बाईला शंका आलीये तिला धीर देऊन तिचं तोंड बंद करण्यात काय अर्थ आहे, तिला सोबत हवी असते, जाऊन दाखवून येऊ म्हणणारी.

माझी स्वतःची खात्री जावळाच्या दिवशी पटली. आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर काढतात. कात्रीने पहिली बट कापेपर्यंत ठीक होतं, न्हाव्याने मशीन चालू केलं आणि पोरगं असं ताठ झालं की मला धरवेना, दोन्ही कान दाबून किंकाळ्या. लहान मुलं रडतात हो जावळाला, पण मशीन बंद केल्यावरही तो थांबला नाही, आणि आजूबाजूला पंधरा माणसं टाळ्या वाजवून "ए सोन्या, इकडं बघ" करतायत, तो कुणाकडेच बघेना. शेवटी ताईने त्याला फिरणाऱ्या फॅनखाली नेऊन उभं केलं तेव्हा शांत झाला. दाजी तिथेच होते. काही बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांनीच मला विचारलं, "दाखवायचं का कुणाला?"

पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांचा झाला की या. काकू खूश. ताई रिक्षात एक शब्द बोलली नाही. मला त्या सल्ल्याचा अजून राग आहे. उशिरा बोलणं वेगळं आणि हाकेला न बघणं, बोट न दाखवणं, आलेले शब्द जाणं वेगळं, आणि यासाठी थांबून काही फायदा नसतो, उलट वय जितकं कमी तितकं काम सोपं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर शंका असो नसो, प्रत्येक मुलाची १८ आणि २४ महिन्यांना ऑटिझमसाठी चाळणी करा असंच सांगितलंय. मी ताईला म्हणलं दुसरीकडे जाऊ.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी एम-चॅट नावाची प्रश्नावली काढली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, २० प्रश्न, हो किंवा नाही. खोलीत पलीकडे बोट दाखवलं तर तो तिकडे बघतो का, खोटं खोटं खेळतो का, म्हणजे रिकाम्या कपातून चहा पिणं वगैरे, तुम्हाला काही दाखवायला बोट करतो का. इथे गंमत झाली. दाजी प्रत्येक प्रश्नाला "करतो की", ताई प्रत्येक प्रश्नाला "नाही करत". बोट दाखवण्याच्या प्रश्नाला दाजी म्हणाले, दाखवतो की, हात धरून माठापाशी नेतो. बाई अजिबात चिडल्या नाहीत, म्हणाल्या ते मागणं झालं आणि त्यात तुमचा हात त्याने वस्तूसारखा वापरला, मी विचारतेय की आकाशात विमान दिसलं तर 'बाबा बघा' अशा अर्थाने तो बोट करतो का आणि तुम्ही बघितलं की नाही हे वळून बघतो का. दाजी गप्प झाले. मग म्हणाले, "नाही. तसं कधीच नाही." माझ्या मते आमच्या घरात निदान त्या क्षणी झालं, कागदावर नंतर आलं.

स्कोअर ० ते २ आला तर धोका कमी, ३ ते ७ मधला, मग त्यावर आणखी प्रश्न विचारतात, आणि ८ किंवा वर आला तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. आमचा शेवटच्या गटात होता. ही प्रश्नावली नेटवर मिळते, पण घरी बसून सोडवणार असाल तर एक लक्षात ठेवा, बहुतेक प्रश्नांना 'नाही' हे काळजीचं उत्तर असलं तरी तीन प्रश्नांना 'हो' काळजीचं असतं, नुसते 'नाही' मोजत बसलात तर हिशोब चुकतो. आणि याने निदान होत नाही, पुढे नीट तपासायची गरज आहे का एवढंच कळतं.

पुढे कानाची तपासणी, बेरा. हाकेला बघत नाही म्हणल्यावर आधी ऐकू येतंय की नाही ते बघावंच लागतं, काही मुलांना खरंच ऐकू येत नसतं आणि घरचे वेगळाच विचार करत बसतात. बेराला मूल झोपलेलं लागतं, डोक्याला वायरी लावून कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोचतोय का बघतात. त्यासाठी सांगतात की आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, येईपर्यंत झोपू देऊ नका. ताईने रात्री उशिरापर्यंत त्याला खेळवलं, पहाटे उठवलं, आणि एसटी उंब्रजच्या पुढे गेली नाही तोवर साहेब माझ्या खांद्यावर ढाराढूर. चिमटे काढले, पाण्याचा हात फिरवला, खिडकी उघडली, काही उपयोग नाही. तिथे पोचलो आणि कपाळाला जेल लावताक्षणी टक्क जागा, आणि वायर बघून जावळाचाच प्रयोग पुन्हा. टेक्निशियन म्हणाला परत तारीख घ्या. पुढच्या वेळी आम्ही आदल्या दिवशीच साताऱ्यात ओळखीच्यांकडे मुक्कामाला गेलो, प्रवासच नको, आणि झालं एकदाचं. कान व्यवस्थित होते. काकूंना वाटलं चला मिटलं. खरं तर तिथून सुरू झालं.

डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे खास डॉक्टर, फार कमी आहेत. पुण्यात अपॉइंटमेंट मिळाली ती काही महिन्यांनंतरची. हा वेट करायचा काळ सगळ्यात वाईट, आणि मामा लोकांनी उपयोगी पडायचं असेल तर तो इथेच. मी दोन कामं अंगावर घेतली. एक, सगळ्या गोष्टींची वही, गरोदरपण, बाळंतपण, लगेच रडला का, कधी बसला, कधी चालला, कुठला शब्द कधी आला कधी गेला, घरात कुणी उशिरा बोललेलं आहे का. ताईला हे सगळं पाठ होतं पण डॉक्टरसमोर रडू आलं की काही आठवत नाही. आणि दोन, थांबायचं नाही. कुठलीही थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही हे आम्हाला त्या एम-चॅटवाल्या बाईंनीच सांगितलं.

सरकारी सोयीचं पण आम्हाला अंगणवाडी सेविकेकडूनच कळलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे ना, २०१३ पासूनचा, त्याच्या टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि त्यात उशिरा बोलणं, ऑटिझम हेही बघायचं असतं. शंका असली तर डीईआयसी म्हणून जिल्हा पातळीवर केंद्र असतं तिथे पाठवतात. फी नाही. गर्दी असते, रांग असते, थेरपिस्टची जागा कधी रिकामी असते, ते सगळं धरून चाला, पण प्रायव्हेटमधे एका सेशनचे जे पैसे होतात ते बघता दोन्हीकडे नाव घालून ठेवणं शहाणपणाचं. दाजी म्हणाले सरकारीत नको, तर मी म्हणलं नाव घालायला काय जातंय.

पुण्यातलं असेसमेंट दोन तास चाललं. आम्हाला वाटलेलं टेबलावर बसवून तपासतील, तर डॉक्टर बाई खाली सतरंजीवर बसल्या आणि साबणाचे फुगे काढले. दोनदा उडवले आणि झाकण लावून नुसत्या थांबल्या. काही बोलल्या नाहीत. सोन्याने इकडे तिकडे बघितलं, मग त्यांचा हात उचलून बाटलीवर ठेवला. त्या तरी थांबून. त्याने हात परत दाबला, चेहऱ्याकडे नजर नाही. मग भावलीचा वाढदिवस, केक, मेणबत्ती, सोन्याने मेणबत्ती काढून गोल गोल फिरवली. पण वेगवेगळ्या आकाराचे ठोकळे त्या त्या भोकात घालायचा खेळ होता तो मात्र त्याने असा भराभर संपवला की मलाच कौतुक वाटलं, आणि बाईंनी तेही लिहून घेतलं, जे जमतं तेही लिहितात हे मला आवडलं. मधल्या वेळात आमची वही वाचली, दिवाळीचा व्हिडिओ दोनदा बघितला.

त्यांनी स्पष्ट सांगितलं, ऑटिझम आहे. औषधाने जाणारा आजार नाही, मेंदूची जडणघडणच वेगळी आहे, त्याला बोलायला, मागायला, लोकांत राहायला शिकवता येतं, किती शिकेल ते आज कुणीच सांगू शकणार नाही. ताईने डोळे पुसले आणि लगेच विचारलं, मग उद्यापासून काय करू. दाजी "गाडी बघून येतो" म्हणून खाली गेले, गाडीला काय होणारे, मी मागोमाग गेलो. ते पार्किंगमधे उभे, म्हणाले जेवताना मोबाईल द्यायचो त्याने झालं का रे? मी हाच प्रश्न वर बाईंना आधीच विचारून घेतला होता, मला माहीत होतं हा येणार. मोबाईलने ऑटिझम होतो असं नाही, पण ज्याला आधीच माणसांत रमायला अवघड जातं त्याचा वेळ मोबाईल खातो, म्हणून बंद करा. दाजींना ते उत्तर मी देऊन उपयोग नव्हता, वर नेऊन डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं.

नातेवाईक ही माझी दुसरी ड्युटी. फॅमिली ग्रुपवर लिहून टाकलं की सोन्याबद्दल जे काही सुचवायचंय ते मला फोन करून सुचवा, ताईला नाही. आले की फोन. लसीमुळे झालं म्हणणारे सगळ्यात जास्त. आता गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आपल्याकडे १६ ते २४ महिन्यांत असतो आणि ऑटिझम लोकांच्या डोळ्यावर येतो तोही त्याच महिन्यांत, त्यामुळे तसं वाटणं मी समजू शकतो. पण ज्या पेपरवरून ही आवई उठली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला १९९८ चा, त्यात मुलं होती १२, आणि २०१० मधे लॅन्सेटने तो मागे घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन गेलं. दुसरा प्रकार स्टेम सेलवाल्यांचा, म्हणजे शरीरात मूळ पेशी सोडून ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांचा, जाहिराती आईबापांना बरोबर शोधून काढतात, लाखांत खर्च. डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनकडून २०२२ मधेच सांगितलं गेलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेल करू नका. दाजी एका जाहिरातीसाठी प्लॉट विकायच्या गोष्टी करायला लागले होते, तेव्हा मी खरंच आवाज चढवला.

काकूंचं काय झालं ते सांगायला पाहिजे. त्यांना समजावून काही उपयोग झाला नाही, त्यांना काम दिल्यावर झाला. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं आणि स्पर्शाच्या सवयी शिकवणाऱ्या थेरपिस्टने, सांगितलेलं की हाताला मऊ, चिकट वस्तूंची सवय करा, तर काकू रोज चपात्या करताना त्याला कणकेचा गोळा घेऊन बसवायला लागल्या. आधी हात लावेना, झटकून टाकायचा. त्यांनी आधी कोरडं पीठ दिलं, मग थोडं पाणी, असं त्यांच्याच अकलेने. आता गोळा हातात धरून थांबतात, तो त्यांच्याकडे बघेपर्यंत देत नाहीत. कुणी "बोलतो का" विचारलं तर म्हणतात "बघतो की", आणि ज्याला कळायचं त्याला कळतं.

मूल आपल्याकडे वळेपर्यंत थांबायची ही पद्धत काही नवीन नाही. गोव्यातल्या संगथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने आणि रावळपिंडीतल्या लोकांनी मिळून ६५ मुलांवर एक अभ्यास केलेला, २०१६ मधे आला, त्यात तज्ज्ञ नसलेले पण ट्रेनिंग दिलेले कार्यकर्ते घरी जाऊन आईबापांचा मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि तोच त्यांना दाखवायचे, बघा इथे तो तुमच्याकडे वळला, इथे तुम्ही घाई केली. महिन्यातून दोनदा, सहा महिने, आणि रोज घरी अर्धा तास. आईबाप मुलाच्या कलाने घ्यायला शिकले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. म्हणजे कराडसारख्या गावात मोठं सेंटर नाही म्हणून सगळं संपलं असं नसतं. आमची थेरपिस्ट साधारण असंच करते, ताई व्हिडिओ काढते, रविवारी मी पण बघतो.

दिव्यांग सर्टिफिकेटला वेळ लागला कारण ताईला ते नको होतं. कार्डावर दिव्यांग लिहिलेलं येणार, उद्या लग्नाला अडचण, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. तीन वर्षांच्या पोराचं लग्न! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय त्यात ऑटिझम आहे, आणि कागद असला तरच पुढचं मिळतं, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना, वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा ज्यात थेरपीचाही खर्च येतो, दाजींना इन्कम टॅक्समधे जुनी कर पद्धत (ओल्ड रिजीम) निवडली तर दिव्यांग मुलाच्या खर्चासाठीची सूट, शाळेत हक्काने बोलायला आधार. ऑनलाईन अर्ज मी भरला, मेडिकल बोर्डाच्या तपासणीच्या दिवशी सातारा सिव्हिलला रांगेत आम्ही सगळे. तिथे आयएसएए नावाची भारतातच बनवलेली मोजणी करतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५, ७० च्या आत आला तर ऑटिझम नाही आणि वर किती त्यावरून टक्के. लहान मुलांना बहुतेक मुदतीचं देतात, परत तपासायला बोलावतात. जाताना खाऊ, कानाला लावायचा हेडफोन आणि फिरणारं काहीतरी न्या. आम्ही सायकलचं एक सुटं पेडल नेलेलं, दोन तास निघाले त्याच्यावर.

तर तो कंपनीतला. त्याच्या भावाची मुलगी, दोन वर्षांची, हाकेला बघत नाही, भावजय रात्री रात्री नेटवर वाचत बसते. त्याचा प्रश्न असा की उगाच डॉक्टरकडे नेलं, सगळ्या तपासण्या केल्या आणि काहीच निघालं नाही तर वहिनीलाच घरचे बोलतील. मी म्हणलं काही निघालं नाही तर येताना मिसळ खा आणि घरी या, बोलणी तू खा, तेवढ्यासाठीच दीर असतो. काल त्याने भावाच्या फोनमधले जुने व्हिडिओ मागवलेत, आणि बेराची तारीख घेतलीये. मुक्काम आधीच्या रात्रीचा करा हे मी त्याला दोनदा सांगितलंय.